पंचवीस जुड्या

गणपतीपुढे उत्पादन विभाग आणि तपासणी विभाग मांडी घालून बसलेले तुम्ही पाहिलेत कधी? मी पाहिलेत. तेही आडवी पडून, पडद्याच्या फटीतून, डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत. त्या अवस्थेचं आधी सांगते.

साठच्या दशकाची सुरुवात होती. कानडी मुलखातल्या या राजाजीनगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळी जागा जास्त. आमचे हे पुण्याहून एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले होते. कारखाना यंत्रं बनवणारी यंत्रं बनवायचा. मी हे माहेरी लिहिलं तेव्हा वडिलांचं उलट पत्र आलं, ‘मग साधी यंत्रं कोण बनवतं?’

मला दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा सहाव्या महिन्यात सगळं संपलं होतं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी खाटेच्या पायथ्याखाली विटा लावायला सांगितल्या आणि उठायचं नाही म्हणून बजावलं. ह्यांनी विटा लावल्या, वर स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही बाजू सारख्या आहेत ना हेही पाहिलं. बायको घसरली तरी चालेल, पण सरळ रेषेत घसरली पाहिजे!

आधीच्या दोन्ही वेळी मी दुपट्यासाठी जुन्या लुगड्यांचे तुकडे कापले होते. ते ट्रंकेच्या तळाशी पडून होते. या वेळी ट्रंकेकडे बघायचंच नाही असं मी ठरवलं होतं. कुणी ‘मुलगा हवा की मुलगी’ म्हणालं की मी वांग्यांचा भाव विचारायची. सहावा महिना लागला तशी वांगी फारच वेळा विचारायला लागले.

घरमालकीण अक्का शेजारच्याच खोल्यांत राहायच्या. त्या धारवाडकडच्या. घरात कानडी बोलायच्या, देवाशी मराठी, आणि भाडेकरूंशी दोन्ही, म्हणजे भांडताना शब्द कमी पडायला नकोत. एका सकाळी कॉफीचा लोटा माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, “वांगी पुरे झाली तुझी. सहस्रावर्तन करू या.”

म्हणजे गणपतीचं स्तोत्र हजार वेळा म्हणायचं. एकट्यानं म्हटलं तर दिवस सरतील, म्हणून दहा-वीस जणांनी जमून म्हणायची पद्धत. ह्यांचा देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता, पण मोठं काम वाटून करायचं म्हटल्यावर त्यांचे डोळे चमकले. ह्यांचे साहेब तर त्याच संध्याकाळी चार सहकाऱ्यांना घेऊन घरी आले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसले. वीस माणसांनी एकदम म्हटलं की एका फेरीत वीस आवर्तनं, म्हणजे पन्नास फेऱ्या. मंगळवारी सकाळी आठला सुरुवात, दीडला समाप्ती, जेवण, आणि अडीचला दुसऱ्या पाळीची बस.

“मोजणार कोण?” कुणीतरी विचारलं.

“दोघं,” साहेब म्हणाले. “माल ज्यानं केला त्यानंच तो तपासायचा नाही, हा आपला नियम. पुढच्या दाराशी उत्पादनाची पाटी, मागच्या दाराशी तपासणीची. फेरी झाली की दोन्हींवर एकेक रेघ.”

“आणि देवानं माल परत पाठवला तर?” मी खाटेवरून विचारलं.

“वहिनी, तुम्ही हसू नका. डॉक्टरांनी हलायचं नाही सांगितलंय.”

मंगळवारी आमच्या बाहेरच्या खोलीत कारखान्यातली वीस माणसं दाटीवाटीनं बसली. कुणी नागपूरचे, कुणी सांगलीचे, दोघे बेळगावचे, आणि एक तमिळ फोरमन, ज्यांनी स्तोत्र रात्रीत पाठ केलं होतं आणि सगळ्यांत शुद्ध म्हणत होते. पहिल्या दोन फेऱ्यांत नुसता गोंधळ झाला. तिसऱ्या फेरीला आवाज जुळले. भिंतीतून, खाटेच्या लाकडातून तो आवाज माझ्या पाठीत यायला लागला. अक्का माझ्या उशाशी दूर्वांची टोपली घेऊन बसल्या होत्या. प्रत्येक फेरीला एकवीस दूर्वांची एक जुडी बांधायची आणि ताम्हणात ठेवायची. मी कधी झोपले कळलंच नाही. कित्येक आठवड्यांनी मला बिनस्वप्नांची झोप लागली.

जागी झाले ती टाळ्यांनी. अकरा वाजायच्या आतच पन्नास फेऱ्या पूर्ण! मोजणीवर देखरेख करायची साहेबांची पाळी दहाला संपली होती. पुढच्या पाळीची जबाबदारी स्टोअर विभागातल्या एका गृहस्थांकडे होती. ते दोन्ही पाट्या उंच धरून उभे होते. अक्का नैवेद्य वाढायला धावल्या, आरती झाली, पानं मांडली, सगळे पोटभर जेवले. कारखान्यात असा वेग कधी बघितला नाही, असं जो तो म्हणत होता.

अक्का माझं ताट घेऊन आत आल्या आणि ताम्हणाकडे बघत थबकल्या. मग बाहेर तोंड करून म्हणाल्या, “किती फेऱ्या म्हणालात?”

“पन्नास, अक्का.”

“माझ्या जुड्या तर पंचवीसच आहेत की हो!”

बाहेर एकदम खुसपूस. मग पाट्यांचा आवाज, मग साहेबांचा. “अहो, एका पाटीवर पंचवीस, दुसरीवरही पंचवीस. तुम्ही बेरीज केलीत?”

“मग काय करायचं? दोन पाट्यांवर माल आला तर स्टोअरमध्ये बेरीजच करतात.”

हशा उसळला. तमिळ फोरमन तर हसता हसता उंबऱ्यावर बसले. मला मात्र हसू आलं नाही. अर्धंच झालं, हे शब्द माझ्या पोटात जाऊन बसले. नैवेद्य दाखवून झाला होता, सगळे जेवले होते, तासाभरात बस होती. आता पुन्हा बसता येणार नव्हतं.

“माझं नेहमी अर्ध्यावरच राहतं,” मी अक्कांना म्हणाले, आणि रडायला लागले.

“अय्यो, रडतीस काय! स्वल्प ऐक.” त्यांनी माझे डोळे पदरानं, चांगले खसाखसा पुसले. “राहिलं नाही, ठेवलंय. बाकीच्या पंचवीस फेऱ्या बाळाला मांडीवर घेऊन बसायचं तेव्हा. हे सगळे परत येतील. सरी? पटलं?” आणि दाराकडे वळून, “काय हो साहेब, याल ना?”

साहेब पडद्याबाहेरूनच म्हणाले, “अक्का, अपुरी ऑर्डर आम्ही रद्द करत नाही. वहिनी, तारीख तेवढी तुम्ही कळवा.”

तारीख! तोवर मला सगळे ‘काळजी घ्या’ म्हणत होते. तारीख कुणी मागितली नव्हती. वीस माणसं, त्यांत एका रात्रीत स्तोत्र पाठ करणारे फोरमनही, पुढच्या एका दिवसाची खरोखरच वाट बघणार होती. बस गेल्यावर मी ह्यांना ट्रंक उघडायला सांगितली. ह्यांनी ती लगेच उघडली. तुकडे काढून माझ्या पोटावर ठेवले. दुसऱ्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या बायका दुपारी खाटेभोवती दुपटं शिवायला येऊन बसायला लागल्या. कुणाचा टाका जवळ, कुणाचा लांब. सहावा महिना कधी सरला ते दुपट्यालाच ठाऊक.

मुलगी नऊ महिने पुरे करून आली. दीड महिन्यानं सगळे पुन्हा जमले. या वेळी पाटी एकच होती आणि स्टोअरच्या गृहस्थांना तिच्यापासून लांब बसवलं होतं. मुलगी तिसऱ्या फेरीपासून जी रडायला लागली ती अठराव्या फेरीपर्यंत, सुरात. पंचविसावी फेरी संपली तसे साहेब विजयी मुद्रेनं अक्कांकडे वळले. “मोजा तुमच्या जुड्या!”

अक्कांनी मोजल्या. सावकाश, एकेक उचलून. “चोवीस.”

एकच गलका झाला. “पाटीवर पंचवीस आहेत!”

“असतील. पाट्यांचं मला सांगू नका,” अक्का म्हणाल्या. “एक बाकी आहे. पोरीच्या वाढदिवसाला या सगळे.”

तमिळ फोरमननी लगेच खिशातून डायरी काढली. मी अक्कांच्या शेजारीच बसले होते, आणि त्यांच्या मांडीखालून एका जुडीची हिरवी टोकं डोकावताना मला दिसत होती. मी मुलीला दुपट्यात नीट गुंडाळलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.