नाकावरचा तिसरा थर

"नाकाला मार जास्त," असं म्हणत काका माझ्या खेळातल्या हेलिकॉप्टरच्या प्लॅस्टिकवर बोटाच्या पेराने टकटक करायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. आवाज पोकळ आला की मान हलवायची, भरीव आला की पुढच्या कामाला हात घालायचा.

विचुंब्याला आमच्या इमारतीत तळमजल्यावर ते मुलीकडे राहायला आले होते. मूळचे उरणच्या कोळीवाड्यातले, उभा जन्म फायबरच्या होड्या दुरुस्त करण्यात गेलेला. मला रिमोटवरचं हेलिकॉप्टर उडवायचा नाद. यंत्र हातभर लांबीचं, पण पाती फिरू लागली की मी दोन पावलं मागे सरकायचो. बोट मध्ये गेलं तर बोट राहणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग उडवता कशाला, असं तुम्ही विचाराल. बायकोही तेच विचारते.

यंत्र पडलं की पुढचं कवच फुटायचंच. नवं कवच दोन भागांत येतं, पातळ टरफलासारखं. ते जोडताना मी पार्किंगमध्ये घामाघूम झालो होतो, तेव्हा काका शेजारी येऊन बसले.

"दे हिकडं. ही होडीच हाय, उलटी."

त्यांनी कडा घासल्या, दोन्ही भाग जुळवून शिवणीला आतून पट्टी चिकटवली. मग काचेच्या धाग्याचं तलम कापड रेझिनमध्ये भिजवून आत बसवलं. सगळं बोटांनी चाचपत, नजर मात्र समोरच्या भिंतीवर. काय हा सराव, असं मला वाटायचं.

एकच गोष्ट मला घाबरवायची. मागच्या मोकळ्या प्लॉटवर मी यंत्र उडवायला घेतलं की काका त्याच्या तोंडासमोर, दहा पावलांवर जाऊन उभे राहायचे.

"काका, माझ्या मागे या ना."

"मी बांदलंय, मीच पुढं रानार. तू घाबरतंस कशाला?"

एकदा कवच फुटलं तेव्हा त्यांनी दोन दिवस खपून नाकावर कापडाचे तीन थर दिले. होडीचं पुढचं टोक असंच बांधतात म्हणे, लाटा तिथेच आदळतात. मी नेहमीसारखं यंत्र दोन बोटांवर तोलून पाहिलं. नाक खाली झुकलं, पुढचा भार वाढला होता. ते सांगायला हवं होतं, पण दोन दिवस राबलेल्या म्हाताऱ्याला कसं सांगायचं? मी भिडेखातर गप्प बसलो.

यंत्र उठलं आणि नाक खाली घालून सरळ काकांच्या दिशेने निघालं. मी ओरडलो, रिमोटची दांडी मागे खेचली. काका हलले नाहीत. चेहऱ्यावर तेच समाधानी हसू. पाती त्यांच्या कानाजवळून गेली आणि यंत्र मागच्या गवतात आपटलं. रिमोट तिथेच टाकून मी त्यांच्याकडे धावलो.

काका तिथेच उभे राहून म्हणाले, "का रं, उडलं काय?"

तेव्हा मला कळलं. काकांना दिसतच नव्हतं.

"सावली दिसते थोडी," ते नंतर म्हणाले. "पुढं हुबा रायलो का वारा तोंडाव लागतो. तवा कलतं, उडलं म्हनून. पोरीला सांगू नको."

मुलीला मी सांगितलं नाही. पण त्यांच्यासमोर यंत्र पुन्हा उडवलंही नाही. आज बॅटरी उतरलीय, आज वारा फार आहे, अशी कारणं देत राहिलो. चौथ्या-पाचव्या वेळी ते फक्त "बरं" म्हणाले. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. त्यांचा तेवढा वारा मी भीतीपोटी बंद केला, हे मला अजून टोचतं.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. तिसरा थर मी घासून काढला नाही. बॅटरी मागे सरकवून तोल सांभाळला. त्या नाकाला अजून साधी चीरही गेलेली नाही.

हल्ली प्लॉटवर मी एकटाच असतो. पाती फिरू लागली की मी तसाच दोन पावलं मागे सरकतो आणि समोर दहा पावलांवर कोणी नसतानाही माझ्या तोंडून निघतं, "काका, बाजूला व्हा."