चीफ आणि अडकलेला व्हॉल्व्ह

शीळफाट्याला गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की चीफ दार उघडून सरळ खाली उतरत. उजवा पाय ओढत, डाव्या हातातली काठी आपटत पुढे निघत. काकू मागच्या सीटवरून हाका मारत राहायच्या, "अहो, पडाल!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "उभ्या गाडीत बसून सडण्यापेक्षा पडलेलं बरं." डोंबिवलीहून घोडबंदर रोडवरच्या आमच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये पोचेपर्यंत ते घामाघूम झालेले असत आणि काकू रडकुंडीला आलेल्या.

जन्मभर ते मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होते, शेवटी चीफ इंजिनिअर. म्हणून आम्ही सगळे त्यांना चीफच म्हणायचो. निवृत्तीनंतर वर्षभरातच पक्षाघाताने उजवी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला. हात मात्र घट्ट मूठ होऊन छातीशी बसला. ती मूठ उघडणं हे माझं काम. मी त्यांच्यापुढे रंगीत खुंट्या ठेवायचे. एक उचलायची, भोकात बसवायची, बोटं सोडायची. दुसऱ्या खुंटीलाच त्यांचा धीर सुटे. "अगं, मला बालवाडीत घातलंय का?" म्हणत ते उठत आणि कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या सुरू करत.

बसणं म्हणून त्यांना ठाऊकच नव्हतं. जेवताना अर्ध्या पोळीवरून उठून फ्रिजला कान लावतात, असं काकू सांगायच्या. एकदा मी वैतागून विचारलं, "चीफ, जरा स्वस्थ बसलात तर काय होईल?" ते येरझाऱ्या थांबवून म्हणाले, "बसलो की हा हात दिसतो."

आमच्याकडे छातीभर कोमट पाण्याचा एक छोटा तलाव होता. जमिनीवर उभं राहता न येणारी माणसं त्यात चालायची. तिथे चीफसुद्धा जरा निवत. तलाव आणि न्हाणीघरांचे नळ, दोन्हींना एकच बॉयलर पुरायचा. आमच्या मालक डॉक्टरांनी तो बंद पडलेल्या एका हॉटेलातून आणलेला. जुना, परदेशी बनावटीचा. नळ उघडला की आतला एक छोटा व्हॉल्व्ह गरम पाणी तलावाकडून नळाकडे वळवायचा. त्या जानेवारीत तो वळेनासा झाला. तलाव तापत चालला आणि आंघोळीला बर्फासारखं पाणी. म्हातारी माणसं ओल्या अंगाने कुडकुडत बाहेर यायला लागली. मेकॅनिक आला, बघून म्हणाला, "मॅडम, याचा पार्ट आता मिळत नाही. नवीनच टाका." तलाव बंद करून तिथे ट्रेडमिल ठेवायच्या, असं डॉक्टरांच्या मनात होतंच. माझे निम्मे पेशंट तलावाच्याच जोरावर उभे होते. मला सुचेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी चीफ टॉवेल गुंडाळूनच बॉयलरच्या खोलीत शिरले. मला नळ उघडायला लावला आणि स्वतः डाव्या हाताने पाइप चाचपले.

"व्हॉल्व्हची मोटर गुणगुणतेय, म्हणजे ती जिवंत आहे. आतली दांडी अडकलीय. टँकरच्या पाण्याचे क्षार, दुसरं काय! पाने आण."

"चीफ, मला यातलं काही कळत नाही."

"मला कळतं. तुझे हात मला उसने दे."

डॉक्टरांनी नाइलाजाने दोन दिवस दिले. चीफनी वीज, गॅस, पाणी सगळं बंद करायला लावलं. मग मी पाना फिरवायचा आणि त्यांनी ओरडायचं. "उलटा! अगं, उलटा! दात नको पाडूस त्याचे." एकदा तेच चुकले, भलताच नट सोडायला सांगितला आणि पाइपातलं उरलेलं पाणी माझ्या अंगावर आलं. तरी माघार नाही. "असंच पाहिजे होतं," म्हणाले.

दांडी निघाली ती पांढऱ्या थराने माखलेली, तिच्यावरच्या रबरी रिंगा फाटलेल्या. त्याच मापाच्या नव्या मी हार्डवेअरच्या दुकानातून आणल्या. चीफनी ती उजव्या मुठीत खुपसली आणि डाव्या हाताने टूथब्रशने घासायला लागले. घासून झाल्यावर ती व्हिनेगरच्या वाडग्यात टाकायची होती. रोजच्या सवयीने त्यांची बोटं उकलायला मी हात पुढे केला.

"थांब," ते म्हणाले.

अंगठा हलला. मग बाकीची बोटं, थरथरत, एकेक करून. दांडी वाडग्यात पडली. चीफचं लक्षच नव्हतं. ते नव्या रिंगा शोधत होते. "कुठे ठेवल्यास गं?" मी वाडग्याकडे बघतच रिंगांची पुडी पुढे केली.

पहिली जोडणी गळली. रिंग पिळली गेली होती. चीफनी जहाजावरच्या दोन-चार शिव्या हासडल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा सगळं उघडलं. या वेळी मी न्हाणीघरात नळाखाली हात धरून उभी राहिले. गार, गार, कोमट, आणि मग चटका. "चीफ, आलं!" मी किंचाळले. खोलीतून आवाज आला, "नाचू नकोस! नळ बंद कर, पाणी परत तलावाकडे वळतंय का बघू दे!"

वळलं. तलाव राहिला. चीफचा हात पूर्ण कधीच आला नाही, पण कप उचलून खाली ठेवण्याइतका आला. त्या कपाच्या फोटोंनी काकूंचा मोबाइल भरला होता. मी मात्र तेव्हापासून नव्या पेशंटला आधी विचारते, तुमचे हात काय काम करायचे? खाडीकडच्या एका कोळीण मावशींना मी खुंट्यांऐवजी फाटकं जाळं दिलं. "ह्ये काय शिवलंय कुनी?" म्हणत त्यांनी ते ओढून घेतलं.

गेल्या वर्षी चीफ गेले. मी डोंबिवलीला गेले तेव्हा काकू कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "दुपारी जेवून आडवे झाले. तास झाला, दीड तास झाला, उठेनात. मला इतकं बरं वाटलं गं! शेजारची आली, तिला मीच दारात थांबवलं. म्हटलं, हळू बोल, आज कधी नव्हे ते झोपलेत."