बंदुकीच्या तोंडाला कुंकू

वस्तू जुनी झाली की फेका, नवी घ्या, ही शिकवण घराघरांत घुसवणाऱ्यांविरुद्ध मी पत्रकं लिहितो आणि भंडाऱ्याच्या बसस्टँडवर वाटतो. दादानं पिक्चर ट्यूबचा टीव्ही एक्सचेंजमध्ये द्यायचं ठरवलं, आणि लढाई घरातच आली.

त्या टीव्हीवर बाबांचा खेळ चालतो. बाबा फॅक्टरीत होते तेव्हा, जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये असताना, बदली झालेल्या शेजाऱ्याकडून घेतलेला. व्हीसीआरमध्ये कॅसेट लावायची. पडद्यावर विमानं येतात, त्यांच्यावर निशाण लुकलुकतं. प्लास्टिकच्या बंदुकीच्या तोंडाशी भिंग आहे. ते निशाणाचा उजेड टिपतं आणि खेळाच्या डब्यावर गुण चढतात. कॅसेट मात्र आपल्या चालीनं चालते. नेम लागो की चुको, विमान पुढं जातंच. शेजारच्या घरातल्या नव्या चपट्या टीव्हीवर ही बंदूक चालत नाही, करून पाहिलंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा म्हणाला, "बाबा, टीव्ही न्याले गाडीवाला येऊन राहिला."

"बंदूक चालली तं टीव्ही राहते. नाही चालली तं ने," बाबा म्हणाले आणि बसले नेम धरून.

शून्य. जवळ सरकले. तरी शून्य. बाबांचा चेहरा उतरला.

"मेली न आता," दादा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. कंपन्या सुटे भाग मिळू देत नाहीत, दुरुस्ती मुद्दाम महाग ठेवतात, हा सरळ दरोडा आहे, असं मी सुरू केलं.

"तुह्या भाषणानं गोळी सुटते काय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी रागानं बंदूक हिसकून उलटी धरली. आत लालभडक. फॅक्टरीतल्या लोकांच्या घरी दसऱ्याला पान्हा, मिक्सर, स्कूटर, सगळ्यांची पूजा होते. यंदा बंदूकही पाटावर होती, आणि ओल्या हळदीकुंकवाचं बोट थेट भिंगावर.

"आई, तोंडालेच काहून लावलं वं?"

"मंग? कपाळ कुठं हाय तिले?"

कंपन्यांवरचा माझा सगळा राग तिथंच बसला. म्हणजे राग खरा आहे, पण त्या दिवशी गुन्हेगार आमचीच आई होती. मी ओल्या कापसानं भिंग पुसलं. बाबांनी चाप ओढला. गुण चढले, लागोपाठ चढले.

बाहेर हॉर्न वाजला. दादानं खिडकीतूनच गाडीवाल्याला हात हलवून परत पाठवलं आणि बाबांशेजारी बसला. "एक डाव मले द्या."

त्याचा एकही नेम लागला नाही. बाबा खुशीत म्हणाले, "खेळत राय. टीव्ही कुठं जात नाही आता."

आईनं तेवढ्यात बंदुकीच्या मुठीला कुंकू लावून घेतलं.