एक हजार नऊचा भागाकार

माझ्या मावशीच्या यजमानांइतकं भागाकारावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात नाही, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांची मला आत्ताच दया येते. काकांनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातलं एक वर्ष मलाही. निवृत्तीनंतर शाळा सुटली, आकडे सुटले नाहीत. समोरच्या एसटीच्या नंबराला कशाकशाने भाग जातो हे कळल्याशिवाय ते पायरीवर पाऊल ठेवत नाहीत; पालीची गाडी त्यापायी किती वेळा चुकली, ते स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारा. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही भाग जात नाही, अशा मूळ संख्येवर त्यांचा भारी जीव. त्यामुळे बांगडे घेणार तेसुद्धा तेरा. एकदा कोळणीने मायेने चौदावा टाकला, तर यांनी तो परत केला. "मास्तर, बांगडं ताजं हायत ता बगा, आकडं कसलं बगताव!" असं तिने भर बाजारात सुनावलं, आणि काकांनी ते घरी येऊन मावशीला कौतुकाने सांगितलं.

मावशी गेल्या वर्षी गेली. मागे तिचं शिलाईचं मशीन राहिलं. काकांची मुलगी, आमची ताई, पालीला शिवणकाम करते. मशीन तिने न्यायचं हे ठरलेलंच होतं. पण टेम्पो दारात आला आणि काका मशीनवरचा नंबर वाचायला वाकले. १०२२११७. "मूळ वाटतेय," ते म्हणाले. "एवढी तपासतो, मग ने." ताई म्हणाली, "तपासा बाबा, सावकाश." टेम्पो रिकामा परत गेला.

सकाळचा चहा झाला की काका मशीनसमोर बसायचे, आंब्याच्या खोक्याचा पुठ्ठा मांडीवर घ्यायचे आणि एका मूळ संख्येने भागून बघायचे. रोज एकच. फळ्यावर असला भागाकार मिनिटात उरकणारा हा माणूस, पण विचारलं की म्हणायचे, "घाईत बाकी चुकते." दोनपासून नऊशे सत्त्याण्णवपर्यंत एकशे अडुसष्ट मूळ संख्या झाल्या, एकीनेही भाग गेला नाही. उरली फक्त एक हजार नऊ. त्यापुढच्या संख्या मशीनच्या नंबराच्या वर्गमुळाहून मोठ्या, म्हणून त्या बघायची गरजच नव्हती. नेमके तिथे काका अडले. आज चष्मा सापडेना, उद्या पुठ्ठा दमट. उत्तर मी मोबाईलवर कधीच बघून ठेवलं होतं, पण सांगायचा धीर झाला नाही.

मागच्या रविवारी ताई आली. "शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, बाबा. माझ्या एका मशीनवर उरकायचं नाही."

काकांनी पुठ्ठा घेतला. बाकी शून्य. भागाकार आला एक हजार तेरा. त्या शून्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

मग चष्मा पुसत म्हणाले, "आता ही एक हजार तेरा मूळ आहे का, ते बघायला नको? एकतीसपर्यंतच बघायचं. अकरा दिवसांचं काम."

याची खरं तर काही गरज नव्हती. ज्या संख्येने एक हजार तेराला भाग जाईल, तिने मशीनच्या नंबरालाही गेलाच असता, आणि त्या सगळ्या आधीच तपासून झाल्या होत्या. हे मला आठवीत काकांनीच शिकवलं होतं, कान धरून.

ताईने माझ्याकडे बघितलं.

"बघायलाच हवं," मी म्हटलं. अकरा दिवस मला फार कमी वाटले.