उपासाची कॅप्सूल

यांचं हृदय थकलंय, रक्त जोरानं पुढे ढकलत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि माझं डोकंच ठिकाणावर राहिलं नाही. रोज पाच गोळ्या, जेवणानंतर, जन्मभर. एवढ्यानं भागेल यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी सोळा सोमवार धरले. हे म्हणाले, "माझ्यासाठी करतेस, मग मीही करतो." पुण्यात असताना ज्या माणसानं कधी देवापुढे हात जोडले नाहीत, तो इकडे कानडी मुलखात, कुवेंपुनगरात येऊन उपास करायला लागला. मला केवढा आनंद झाला, काय सांगू!

त्यातच नणंदेनं अमेरिकेहून हॉथॉर्नच्या कॅप्सूलची बाटली पाठवली. तिकडच्या एका काटेरी झाडाला बोरांसारखी लाल फळं येतात, ती हृदयाला चांगली म्हणे. "डॉक्टरांना विचार हं आधी," असंही ती फोनवर म्हणाली. मी कसली विचारतेय! ते नको म्हणाले तर? मी रोज दोन द्यायला लागले.

पहिल्याच सोमवारी यांनी विचारलं, "ही उपासाला चालते?"

"फळच तर आहे. चालते."

"आणि त्या गोळ्या? जेवणच नाही, तर जेवणानंतरच्या कशा घ्यायच्या?"

मी पपई चिरत होते. मान वर न करता म्हटलं, "राहू द्या. एका दिवसानं काय होतंय?"

पुढे यांनी गुरुवार धरला, मग शनिवार. मध्येच एकादशी, चतुर्थी. प्रत्येक उपासाला ताक, फळं आणि ती कॅप्सूल. गोळ्यांची पाकिटं संपत नव्हती, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण यांचा चेहरा मला तरतरीत वाटायचा, आणि मला तेच बघायचं होतं. अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय!

मग पावलं सुजली. चप्पल चढेना. एका सोमवारी सकाळी चार पायऱ्या चढून हे जिन्यातच बसले, श्वास घशात अडकल्यासारखा. ऑटोत मी यांचं डोकं खांद्यावर घेऊन "अहो, बोला ना, काहीतरी बोला," एवढंच म्हणत राहिले.

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर जरा धुगधुगी आली. निघताना मी पर्समध्ये टाकलेली गोळ्यांची राहिलेली पाकिटं डॉक्टरांनी पाहिली आणि ते भडकले. गोळ्या बंद करायला कुणी सांगितलं, म्हणून विचारलं, "यारु हेळिद्दु?"

यांना कन्नड धड येत नाही. तरी एवढं समजलं. मास्क बाजूला करून, छातीवर बोट ठेवून म्हणाले, "नाने." म्हणजे मीच, माझा मीच.

डॉक्टर मान हलवत तेच लिहायला लागले. दुसरं काही औषध चालू होतं का, असं त्यांनी विचारलं, तर यांनी नकाराची मान हलवली. मला वाचवत होता हा माणूस, श्वास पुरत नसताना!

"खोटं बोलतायत हो हे!" मी मराठीतच ओरडले. डॉक्टरांना मराठी कळेना. पर्समधून बाटली काढून मी त्यांच्या हातात कोंबली. नर्स मला आवरायला आली. अठरा वर्षं या गावात काढली, पण त्या क्षणी मला दोनच शब्द आठवले, आणि तेच मी म्हणत राहिले.

"नानु कोट्टे, डॉक्टर. मी दिलं. नानु कोट्टे."