रुमालाखालचा हात

शेटजीनं माझ्या तोंडावर जोडा मारला तेव्हा माझा हात अजून रुमालाखालीच होता.

जालन्याचा मोंढा. कापसाच्या गाड्या सुटलेल्या. राज्य निजामाचं, पण मोंढ्यात हुकूम चालायचा तो ह्या अडत्याचा. लहानथोर सगळे त्याला शेटजी म्हणत. कापसाचा भाव तेव्हा तोंडानं बोलत नसत. अडत्या आणि शेतकरी समोरासमोर बसायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबायचे. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच. भोवतीच्यांना काही कळायचं नाही. ज्याचा हात धरला त्यालाच भाव कळणार.

आमचा हात कुणी धरत नसे. आम्ही महार. गावकीच्या कामाबद्दल मिळालेल्या तुकड्यात बानं त्या साली पहिल्यांदा कापूस लावला होता. तो लांब उन्हात उकिडवा बसला होता. त्याला भाव लांबूनच ओरडून सांगितला, सगळ्यात खालचा. बानं मान हलवली. घासाघीस करायला हात लागतो, आणि आमच्या हाताला मोंढ्यात जागा नव्हती.

मी पोरगा होतो. मला वाटलं, रुमालाखाली कुणाला काय दिसतंय? गर्दीत घुसलो, बसलो, हात घातला. शेटजी दुसऱ्याशी बोलत होता. त्यानं न बघताच माझा हात धरला, दाबला. भाव बाला सांगितलेल्यापेक्षा कितीतरी वर होता. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अवं शेटजी, ते महाराचं पोरगं हाय!"

जोडा. मग दुसरा. मग हमालांच्या काठ्या. बा धावत आला, पण मला उचलायला नाही. त्यानं कपाळ मातीला लावलं आणि माफी मागितली. शेटजीनं रुमाल जाळायला लावला. म्हणाला, "ह्याची किंमत तुझ्या कापसातून कापून घेतो."

कापून घेतली.

परतताना बा म्हणाला, "हात आवरत जा रं बाबा."

मी हात आवरला नाही. शिकवला.

अंबडच्या बाजारात बकऱ्यांचा एक व्यापारी होता. सगळे त्याला चाचा म्हणत. मी त्याची बकरी हाकायला लागलो. बकऱ्यांचा सौदाही रुमालाखालीच व्हायचा. एक दिवस चाचानं माझ्यापुढं रुमाल पसरला. मी हात मागं घेतला.

"हात दे बे. शरमाता क्या? शादी नहीं कर रहा तेरे संग."

बाहेरच्या माणसानं माझा हात पहिल्यांदा जाणूनबुजून धरला तो असा, शिवी देऊन. मी बोटांची बोली शिकलो. पण माझं डोकं गरम. कुणी वाकडं बोललं की माझी बोटं आपोआप आवळायची.

"मुंडी बराबर रखता तू," चाचा म्हणायचा, "लेकिन गुस्सा तेरे उंगल्यां में उतरता. सामनेवाला समझ जाता, लौंडा जल रहा. बस, भाव चढाता."

मग त्यानं वेगळाच रियाज लावला. रुमालाखाली सौदा करायचा आणि वरून मला, माझ्या बाला, आईला, साऱ्या खानदानाला शिव्या घालायच्या. माझं बोट जरा जरी जास्त दाबलं गेलं, तर सौदा त्याचा. किती बकरी अशी हरलो. मग हळूहळू हरायचा थांबलो.

पुढं स्वतःची बकरी केली. मग आष्टीकडच्या गावांतून हिंडून लहान शेतकऱ्यांचा कापूस गोळा करायला लागलो. त्यांच्या बांधावर ते माझ्याशी नीट बोलत. मोंढ्यात आले की ओळख विसरत. पण गाड्या माझ्या शब्दावर निघत. हे मी लक्षात ठेवलं.

जालन्याच्या एका जिनच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, साहेबाकडं चाचा बकरे पोचवायचा. तिथून तो खबर घेऊन आला.

"साहब को कापूस खरीदनेवाला होना. शेटजी लूट रहा उसको. बोला, शेटजी के गोत का नक्को. तू जा."

मी तयारीला लागलो. बाजेवर चाचा साहेब होऊन बसायचा आणि मी समोर उभा. तो हुक्का ओढत वाट्टेल ते विचारायचा. उत्तर देताना मी खाली बघितलं की चिलमीतली राख अंगावर फेकायचा. "जमीन पे क्या लिखा है?" मी मोंढ्याच्या कडेला उभं राहून शेटजी गाडीवाल्यांना काय देतो ते विचारत फिरलो आणि जिनच्या फाटकावर त्याच कापसाचं काय घेतो तेही. धोतर धुतलं. कोट मागून आणला नाही.

जायच्या आदल्या दिवशी चाचा म्हणाला, "नाम बदल. मेरा भतीजा है बोलतूं. कौन पूछता?"

"न्हाई चाचा. माझ्याच नावानं जाईन."

"मार खाएगा."

"खाल्लाय."

जिनच्या आवारात पत्र्याखाली साहेब खुर्चीवर बसला होता. मुंबईकडचा माणूस. शेजारी गादीवर शेटजी, सुटलेला, पिकलेला, पण तोच. त्याचा कापसाचा ढीग समोर पडला होता. मला पायरीखाली उन्हात उभं केलं. शेटजीनं मला ओळखलं नाही. त्यानं मारलेली पोरं त्याला कशाला आठवतील?

साहेबानं नाव विचारलं, गाव विचारलं. जात मी न विचारता सांगितली. शेटजीनं गादी जरा मागं सरकवली. ओला कापूस, भेसळ, गाड्या किती आणशील, असं बरंच विचारून झालं. साहेबाला उत्तरं पटली. तो म्हणाला, "आदमी काम का है. नौकरी दूँगा. लेकिन सौदे में हाथ हमारा मराठा हमाल डालेगा. तू पीछे खड़ा रहके उसको बोलना."

अक्कल माझी, हात दुसऱ्याचा. वर हे उपकार म्हणून. डोक्यात जाळ झाला. पण मी हसलो.

"साहेब, दुसऱ्याच्या हातानं सौदा करून बगितलाच की तुमी. शेटजीचा हात होता. काय पडलं पदरात?"

साहेबानं शेटजीकडं बघितलं.

"हात माझा. बिलकुल माझा. न्हाई तर मला नोकरी नको. आष्टीकडच्या गाड्या मी दुसऱ्या जिनला नेतो."

साहेबानं माझ्याकडं बघितलं, मग ढिगाकडं. "शेटजी, आपका माल है. इसके साथ सौदा पक्का करो."

"साहेब! ह्याला शिवायचं?"

"नहीं तो ढेर वापस ले जाओ."

शेटजीनं थोडा विचार केला. मग तो हसला. रुमाल पसरला आणि म्हणाला, "ये. रुमालाखाली कोण बगतंय."

मी पायरी चढलो, बसलो, हात घातला. हाताला लागलं ते कापड. उपरण्याचा पदर बोटांना गुंडाळून त्यानं हात आत घातला होता. बाहेरच्यांना वाटत होतं, शेटजीनं केवढं मन मोठं केलं. आत माझ्या हाताला चिंधी. तो माझ्याकडं बघून हसत होता. त्याला ठाऊक होतं की मी बोलणार नाही. नोकरीसाठी आलेला माणूस. गिळेल.

राग बोटांत उतरला. त्या दिवशी मी त्याला उतरू दिलं. रुमाल ओढला आणि बाजूला फेकला.

सगळ्यांनी बघितलं. शेटजीचा हात गुंडाळलेला, जखमी माणसासारखा. एक हमाल म्हणाला, "शेटजी, हाताला लागलं का वो?" आवार हसलं.

"बांधलेल्या हाताची बोली मला समजत न्हाई," मी म्हणालो. "सोडा."

"लई माजलास."

"सोडा. न्हाई तर ढीग उचला."

त्यानं साहेबाकडं बघितलं. साहेबानं ढिगाकडं बोट दाखवलं. शेटजीनं ढिगाकडं बघितलं. मग पदर सोडायला लागला. एकेक वेढा. धर्म सुटत होता की लोभ जिंकत होता, त्याचं त्याला माहीत. त्यानं रुमालाकडं हात नेला तेव्हा मी रुमाल गुडघ्याखाली दाबला. भर उन्हात, उघड्यावर, मी त्याचा हात धरला. मऊ, घामट हात. ह्याला विटाळत होतो मी!

बोटं बोलायला लागली. गाडीवाले गोळा झाले. भाव आज त्यांनाही दिसत होता. एक म्हातारा शेतकरी पुढं आला. "शेटजी, आमाला तर लई कमी दिला की वो!" शेटजीनं वर बघितलं नाही. मी त्याला खाली खाली आणला, मला हवा होता तिथवर, आणि मगच हात सोडला.

साहेब म्हणाला, "तनखा क्या लेगा?"

"हात द्या, साहेब."

मग त्यानं हात पुढं केला. पगारही मी त्याच हातावर ठरवला, आणि कमी घेतला नाही.

घरी बा म्हणाला, "झालं ना आता? सोड ते जुनं." गावातले शहाणेही तेच म्हणतात. साहेबाचा माणूस झालास, मंग कशाला उकरून राह्यलास? हे सगळे जोडा न खाल्लेले शहाणे. बा सोडून. बाचं मी ऐकून घेतलं आणि सोडलं नाही.

हंगामात आमच्याच गावच्या पाटलाची गाडी जिनवर आली. एक नंबरचा कापूस. तो खाली न उतरताच म्हणाला, "भाव तोंडानं सांग की. आपल्या गावचाच हाईस."

मी हात पुढं केला. रुमाल नाही, काही नाही. त्यानं हाताकडं बघितलं. मागं गाड्या खोळंबल्या होत्या.

"धरायचा नसंल तर गाडी फिरवा, पाटील."

त्यानं फिरवली. साहेब माझ्यावर खवळला. मी सांगितलं, बाकीचे येतील. नाही आले तर मला काढा, मी बकरी हाकीन.

मी दमडीसाठी भांडणारा माणूस आहे. भावावर, तोलावर, पगारावर, सगळ्यावर घासाघीस करीन. ह्यावर नाही. ज्याला माझ्याकडं कापूस घालायचा, त्यानं आधी हा हात धरायचा. उघडा. सगळ्यांदेखत. नाही तर त्याचा कापूस त्याच्या घरी सडला तरी चालेल.