उंदरांच्या खोलीतला रविवार

त्या उन्हाळ्यात माझा कुणावरच विश्वास राहिला नव्हता.

स्टुटगार्टजवळच्या एका संशोधन संस्थेत मी काम करत होते. नवरा मोटारींच्या कंपनीत आणि मी उंदरांमध्ये. उंदराच्या शेपटीतल्या शिरेत त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी टोचायच्या आणि त्या फुप्फुसात किती पसरतात ते बघायचं, हे माझं काम. पसरल्या की गुलाबी फुप्फुसावर काळे ठिपके दिसतात. अर्ध्या उंदरांना आम्ही आधी एक औषध द्यायचो. कॅन्सरच्या पेशी शोधून मारणाऱ्या शरीरातल्या पेशींना ते चेतवायचं. हिवाळ्यात निकाल इतके छान आले, की आमचे प्रोफेसर जिन्यात भेटले तरी हसायचे.

मे महिन्यात औषध चालेनासं झालं. औषध दिलेल्या उंदरांचीही फुप्फुसं ठिपक्यांनी भरलेली. औषध तेच, पेशी त्याच, टोचणारी मीच.

एक दिवस प्रोफेसर माझ्यामागे येऊन उभे राहिले. "आल्झो," ते म्हणाले, म्हणजे 'तर मग'. "पेशी बर्फावर किती वेळ ठेवता तुम्ही?" प्रश्न साधा होता, पण रोख माझ्या हातांवर आहे, हे कळलं.

औषधाचं द्रावण आमच्या लॅब असिस्टंट बाई तयार करायच्या. पन्नाशीच्या, अबोल, संस्थेत माझ्या कितीतरी आधीपासून. मी खोलीत शिरले की त्यांचं बोलणं थांबतं, असं मला वाटायला लागलं. फ्रीजमधल्या बाटल्या मी ठेवलेल्या जागी नसायच्या. मी झाकणांवर पेनाने बारीक खुणा करायला लागले.

"अगं, सरळ विचार ना त्यांना," नवरा म्हणाला.

"काय विचारू? माझा प्रयोग तुम्ही बिघडवताय का म्हणून?"

शेवटी एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, त्या तिथे येतात का ते बघायला मी गेले. गाऊन, टोपी, मास्क चढवून उंदरांच्या खोलीचं दार उघडलं, तर त्या समोरच उभ्या.

"आज तुमची ड्यूटी नाही," मी म्हटलं.

"तुमचीही नाही," त्या म्हणाल्या. "खरं सांगते. तुम्ही एकट्या असताना इथे काय करता, ते बघायला आले. प्रोफेसर मलाही प्रश्न विचारतात."

"मीही त्यासाठीच आले."

हसलं कुणीच नाही. दोघी पिंजऱ्यांकडे वळलो. कापसाची घरटी नीट रचलेली होती, उंदीर एकमेकांच्या अंगावर गाढ झोपले होते.

"शुक्रवारी हे सगळे कोपऱ्यात आखडून बसले होते," त्या हळूच म्हणाल्या. "घरटी विस्कटलेली."

सोमवारी दोघींनी पिंजऱ्यांच्या रॅकवर हात ठेवून पाहिला. भिंतीपलीकडे नव्या इमारतीचा पाया खणत होते आणि रॅक बारीक थरथरत होता. ते काम वसंतात सुरू झालं होतं आणि रविवारी बंद असायचं. मग आम्ही उंदरांचं साठवलेलं रक्त तपासलं. ताण आला की वाढणारं हार्मोन हिवाळ्यात कमी होतं, उन्हाळ्यात भरमसाट. त्यामुळे औषध ज्यांना चेतवणार, त्या पेशीच सुस्तावल्या होत्या.

"फार सोयीचं स्पष्टीकरण आहे," प्रोफेसर म्हणाले. म्हणून अर्धे उंदीर दूरच्या शांत इमारतीत हलवले. तिथे औषध पुन्हा चाललं. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी बरोबर', ते म्हणाले, जणू त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या हातांबद्दल मात्र चकार शब्द नाही. बाई आणि मी त्यानंतर रोज एकत्र कॉफी घ्यायला लागलो.

पुढे एका मराठी घरी जेवायला गेले असताना हा किस्सा मी रंगवून सांगितला. यजमानांच्या वहिनींची केमो नुकतीच संपली होती, हे मला ठाऊक नव्हतं. हात धुताना त्या जवळ आल्या. "म्हणजे मी टेन्शन घेतलं, तर माझा पसरेल?"

"नाही हो वहिनी. ते उंदीर होते. माणसांचं असं कुणालाच सांगता येत नाही. आणि यात तुमची चूक आहे असं कुणी म्हटलं, तर मुळीच ऐकू नका."

मी मनापासून खरं तेच सांगत होते. त्या टॉवेलला हात पुसत माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिल्या. "तुम्ही डॉक्टर लोक असंच म्हणता," त्या म्हणाल्या आणि जेवायला वाढायला निघून गेल्या.